अंबार क्रमांक १२

सहा वर्षं, साडेआठ महिने आधी

नोव्हेंबर २०१३. 'रोसस' नावाचं एक जुनाट मालवाहू जहाज बैरूतच्या बंदरात येऊन उभं राहिलं. झेंडा मोल्डोव्हाचा, म्हणजे ज्याला स्वतःचा समुद्रकिनारा नाही अशा देशाचा. जॉर्जियातल्या बाटुमीहून ते सप्टेंबरमध्ये निघालं होतं आणि त्याला जायचं होतं थेट मोझांबिकच्या बेइरा बंदरात. पोटात २,७५० टन अमोनियम नायट्रेट. मोझांबिकमधल्या स्फोटकांच्या एका कारखान्याने ते मागवलं होतं. खाणीत सुरुंग लावायला ते लागतं.

बैरूतला या जहाजाचं खरं तर काहीच काम नव्हतं. पण वाटेत सुएझ कालवा होता आणि कालव्याचा टोल भरायला पैसे नव्हते. जहाज चालवणाऱ्याने कप्तान बोरिस प्रोकोशेव यांना सांगितलं की बैरूतला थांबा, तिथून आणखी माल घ्या, त्याच्या भाड्यातून टोल सुटेल. हा जादा माल म्हणजे अवजड यंत्रं, आणि ती ठेवायची होती नायट्रेटच्या वर, डेकवरच्या झाकणांवर. चढवायला सुरुवात केली तर झाकण वाकू लागलं. कप्तानाने नकार दिला. मग बंदराच्या तपासनिसांनी जहाज पाहिलं आणि समुद्रात जायच्या लायकीचं नाही म्हणून अडकवून ठेवलं. देणेकरी उभे राहिले. चालवणारा फोन उचलेना.

कप्तान आणि तीन खलाशी जवळजवळ वर्षभर त्या जहाजावर अडकून पडले. पगार नाही, उतरायची परवानगी नाही, पायाखाली २,७५० टन नायट्रेट. शेवटी कप्तानाने जहाजातलं इंधन विकून वकिलाचे पैसे भागवले आणि कोर्टाने माणुसकीच्या नात्याने त्यांना घरी जाऊ दिलं.

पाच वर्षं, नऊ महिने आधी

ऑक्टोबर २०१४ मध्ये माल जहाजातून उतरवून १२ नंबरच्या गोदामात नेला गेला. एक-एक टनाच्या जंबो बॅग, आत साबुदाण्यासारखे पांढरे दाणे.

लेबनॉनचे लोक त्या गोदामाला 'अंबर' म्हणतात, अंबर क्रमांक १२. हा शब्द आपल्याला परका नाही. फारसीतून तो त्यांच्याकडेही गेला आणि आपल्याकडेही आला. आपण 'धान्याचे अंबार' म्हणतो तो हाच. पन्हाळ्यावर अंबरखाना आहे. गंगा, यमुना, सरस्वती या तीन प्रचंड कोठ्या, गड वेढला गेला तरी महिनोन् महिने पुरेल एवढं धान्य मावणाऱ्या. आपल्या कानाला या शब्दात पोटापाण्याची हमी ऐकू येते. बैरूतमध्येही १२ नंबरच्या गोदामाशेजारी खरोखरीच धान्याच्या कोठ्या होत्या. कुवेतच्या कर्जातून १९७० पर्यंत बांधून झालेले, ४८ मीटर उंचीचे, पांढरे काँक्रीटचे नळकांडे-नळकांडे, जवळजवळ १ लाख २० हजार टन धान्य मावेल एवढे. देशाच्या गव्हाचा मुख्य साठा तिथे. भाकरीचं अंबार आणि सुरुंगाचं अंबार मधे जेमतेम एक रस्ता सोडून शेजारी-शेजारी. हे ज्यांनी ठरवलं त्यांना दोन्हींत काय आहे ते माहीत होतं.

अमोनियम नायट्रेट नुसतं ठेवलं तर निवांत पडून राहतं. त्याच्यापासून ठिणगीही दूर ठेवायची, तेल-रॉकेल दूर ठेवायचं, ते कोंडून ठेवायचं नाही, ही त्याची पथ्यं. त्याच गोदामात सुमारे २३ टन फटाके आले. रॉकेल आणि तेल आलं. आम्लं आली. वातीची बंडलं आली. शेकडो टायर आले. कस्टम्सने जप्त केलेला माल, बेवारस माल, ज्याला दुसरीकडे जागा नव्हती तो माल. एकेक वस्तू ठेवणाऱ्याला आपण फक्त एक खोकं ठेवतोय असंच वाटलं असणार.

जून २०१४ ते ऑक्टोबर २०१७

या काळात कस्टम्सच्या अधिकाऱ्यांनी तातडीच्या प्रकरणांच्या न्यायाधीशाला सहा पत्रं लिहिली. माल धोक्याचा आहे, गोदामाचं हवामान त्याला सोसणारं नाही, परदेशी परत पाठवा, लष्कराला द्या, नाहीतर देशातल्या स्फोटकांच्या कंपनीला विकायची परवानगी द्या. लष्कराने सांगितलं, आम्हाला गरज नाही. कोर्टाकडून उलट प्रश्न आले. कस्टम्सने पुन्हा तेच पत्र लिहिलं. ज्याने सरकारी कचेरीत एखादी फाईल हलवायचा प्रयत्न केला आहे, त्याला हा सगळा व्यवहार वाचताना वेगळं काही समजावून सांगावं लागत नाही. आवक क्रमांक पडतो, जावक क्रमांक पडतो, पत्र पुढे जातं आणि माल तिथेच राहतो.

मी ही पत्रं केवळ दिरंगाईचा पुरावा म्हणून सांगत नाही. ती वाचून माझ्या मनात एकच गोष्ट घर करून राहिली आहे. १२ नंबरच्या गोदामात काय आहे हे बंदराला माहीत होतं. कस्टम्सला, न्यायालयाला, लष्कराला, सुरक्षा खात्याला माहीत होतं. बंदराच्या भिंतीपलीकडे राहणाऱ्या एकाही माणसाला माहीत नव्हतं. आणि आग लागली तर जे तिथे धावून जाणार होते, त्यांनाही नव्हतं.

अडीच वर्षं आधी

फेब्रुवारी २०१८ मध्ये 'रोसस' बंदरातच, लाटा अडवणाऱ्या बांधाजवळ बुडालं. ते बाहेर काढायची गरज कोणाला वाटली नाही. माल मात्र कोरड्या जमिनीवर होता.

पंधरा दिवस आधी

२० जुलै २०२०. स्टेट सिक्युरिटी या सुरक्षा खात्याचा अहवाल राष्ट्रपती मिशेल औन आणि पंतप्रधान हसन दियाब यांच्यापर्यंत पोचला. गोदामाच्या भिंतीला भगदाड पडलं आहे, एक दार मोडलं आहे, कोणीही आत शिरून माल चोरू शकेल. आणि पेटला तर शहराला धोका आहे. स्फोटानंतर औन यांनी स्वतः सांगितलं की हा अहवाल आपल्याला मिळाला होता आणि लष्करी-सुरक्षा अधिकाऱ्यांना आपण आवश्यक ते करा असं सांगितलं होतं. आपल्याकडच्या भाषेत, योग्य ती कार्यवाही करावी.

कार्यवाही झाली ती भगदाड बुजवण्याची आणि दारं दुरुस्त करण्याची. चोरी होऊ नये म्हणून.

आदला दिवस

त्या उन्हाळ्यात बैरूतकडे आधीच काही उरलं नव्हतं. ऑक्टोबर २०१९ पासून लोक रस्त्यावर होते. बँकांनी खातेदारांचे डॉलर अडवून ठेवले होते, लेबनीज पौंड वर्षभरात कोसळून गेला होता. आयुष्यभराची पुंजी असलेला शाळामास्तर मांस घेताना हात आखडता घेत होता. वीज दिवसाचे बरेच तास नसायची. गल्लोगल्ली जनरेटर चालवणारे आणि त्यांना महिन्याचा हप्ता देणारे, असा तिथला संसार. त्यात करोना. बकरी ईदच्या दिवसांत टाळेबंदी होती; ती ४ ऑगस्टला दोन दिवसांसाठी उठणार होती आणि ६ तारखेपासून पुन्हा लागणार होती.

३ ऑगस्टला परराष्ट्रमंत्री नासिफ हित्ती यांनी राजीनामा दिला. देश अपयशी राष्ट्र होण्याच्या वाटेवर आहे, असा इशारा देऊन. ७ तारखेला माजी पंतप्रधान रफिक हरिरी यांच्या २००५ मधल्या हत्येच्या खटल्याचा निकाल यायचा होता. काही होणार असेल तर त्या दिवशी होईल, असं सगळ्यांना वाटत होतं.

४ ऑगस्ट, मंगळवार, सकाळ

टाळेबंदी उठली म्हणून दुकानांची शटर वर गेली. ऑगस्टची दमट, चिकट हवा. आपल्या कोकणपट्टीतल्या माणसाला ओळखीची वाटावी अशी.

हे शहर बंदरामुळे झालं आहे. रोमन काळात त्याचं नाव बेरितुस, आणि तिथल्या कायद्याच्या शाळेची कीर्ती साम्राज्यभर होती. सन ५५१ च्या भूकंपाने आणि समुद्राने ती बुडवली. मग शतकानुशतकं एक लहानसं गाव राहिलं. एकोणिसाव्या शतकात डोंगरातलं रेशीम युरोपकडे जाऊ लागलं आणि त्या रेशमाच्या पैशाने बैरूत पुन्हा उभं राहिलं. बंदराच्या पूर्वेला जहाजांवरून आलेल्या माणसांना रोगराईच्या भीतीने वेगळं ठेवायची जागा होती. तिचं नाव अजून करांतिना. तिथून शहर चढणीला लागतं: मार मिखाएल, जमैझे, वर अशरफिये. जुन्या घरांना दर्शनी भिंतीत तीन कमानींची उंच खिडकी आणि वर लाल कौलं, एकेकाळी मार्सेयहून जहाजातून आलेली. आपल्याकडे मंगलोरी कौलं आली तशी. तीन कमानींत काचा. त्या खिडकीतून बंदर दिसावं म्हणूनच ती बांधलेली. अशरफियेत सुर्सोक घराण्याचा राजवाडा. त्यात राहणाऱ्या यव्होन सुर्सोक कॉक्रन ९८ वर्षांच्या होत्या. १९७५ ते १९९० च्या यादवीतही त्यांनी हे शहर सोडलं नव्हतं, आणि नंतर जुनी घरं पाडणाऱ्या बिल्डरांशी त्या आयुष्यभर भांडल्या.

शहराच्या पश्चिम टोकाला, अमेरिकन युनिव्हर्सिटीच्या पुरातत्त्व संग्रहालयात एक काचेचं कपाट होतं. त्यात काचेचीच ७४ भांडी. रोमन, बायझंटाइन, इस्लामी काळातली. अत्तराच्या कुप्या, पेले, वाडगे. दोन हजार वर्षांपूर्वी वितळलेल्या काचेत नळीने फुंकर मारून भांडं फुगवायची युक्ती मानवाला याच किनारपट्टीवर सुचली. कपाटातल्या काही भांड्यांच्या भिंती नखाएवढ्याही जाड नव्हत्या. हिरवट, निळसर, पुरून राहिल्याने वर मोरपिसासारखी चमक चढलेली. मातीखाली भूकंप, स्वाऱ्या, सगळं सोसून ती इथवर आली होती. त्या सकाळी कपाट बंद होतं आणि भांडी आपापल्या जागी होती.

दुपार, सुमारे पाच

१२ नंबरच्या गोदामाची दारं दुरुस्त करणारे वेल्डर दिवसाचं काम आटोपून निघून गेले. आग त्यांच्या ठिणगीने लागली की आणखी कशाने, याचा शेवटचा निवाडा कोणत्याही न्यायालयाने दिलेला नाही. निवाड्याशिवायही एवढं दिसतं की त्या भिंतींच्या आत ठिणगी, रॉकेल, फटाके आणि नायट्रेट एकत्र ठेवायचा निर्णय वेल्डरांचा नव्हता.

५:५४

गोदामातून धूर येताना लोकांना दिसला. मोबाईलवर पहिले फोटो निघाले. त्याच सुमारास करांतिनातल्या अग्निशमन केंद्रात फोन वाजला. बंदरात एका गोदामाला आग लागली आहे. एवढंच.

एक बंब आणि एक रुग्णवाहिका निघाली. नऊ जवान आणि एक परिचारिका, एकूण दहा. त्यांत एकाच घरातले तिघं. परिचारिकेचं लग्न ठरलेलं होतं. केंद्र ते बंदर हे अंतर काही मिनिटांचंच.

इथे मला मुंबईची गोदी आठवल्याशिवाय राहत नाही. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकीन' जहाजावर आग लागली, तेव्हा बंब घेऊन धावलेल्या मुंबईच्या जवानांनाही कापसाच्या गासड्यांबरोबर त्याच जहाजात शेकडो टन दारूगोळा आहे हे कळेपर्यंत उशीर झाला होता. जहाजावर धोक्याचं लाल निशाण नव्हतं. ६६ जवान त्या दुपारी गेले. १४ एप्रिलला आपण देशभर अग्निशमन दिन पाळतो तो त्यांच्यासाठी. बैरूत आणि मुंबई यांच्यामध्ये ७६ वर्षं आहेत. माल काय आहे ते बंबाला सांगा, एवढं एक वाक्य त्या ७६ वर्षांत बैरूतच्या बंदरापर्यंत पोचलं नाही.

सहाच्या आसपास

गोदामाचं दार बंद होतं. एका फोटोत तीन जवान दाराशी दिसतात, दार उघडायची खटपट करताना. पाठ कॅमेऱ्याकडे. एक जण वाकलेला, दोघं त्याच्या शेजारी. घाई दिसते, घबराट दिसत नाही. आत काय आहे हे कळलेल्या माणसाची पाठ अशी नसते. त्यांना ते दार उघडून आत जायचं होतं, पाणी मारायचं होतं.

त्यांनी केंद्राला कळवलं की आग मोठी आहे आणि वेगळे आवाज येतायत. परिचारिकेने आपल्या होणाऱ्या नवऱ्याला व्हिडिओ कॉल करून धूर दाखवला. आवाज तडतडणारे होते आणि धुरात लाल-पांढऱ्या ठिणग्या उडत होत्या. ते फटाके होते. तो पळ म्हणाला, आणि ती पळू लागली, असं त्याने नंतर सांगितलं आहे.

६:०७

पहिला स्फोट. धुराचा मोठा लोट वर गेला.

पुढचं अर्धं मिनिट मला सगळ्यात जास्त छळतं. पहिला धमाका एवढा मोठा होता की शहरभरचे लोक काय झालं ते बघायला खिडकीशी आले. यादवीत वाढलेले बैरूतकर बॉम्बचा आवाज ओळखतात. पहिला आवाज झाल्यावर खिडकीपासून लांब जायचं, हेही त्यांना माहीत आहे. पण बंदरात आग लागली आहे, धूर उंच चढतोय, आणि पोरं मोबाईल घेऊन सज्जात उभी आहेत. इथिओपिया, फिलिपिन्स, बांगलादेशातून घरकामाला आलेल्या बायका सज्जात आल्या. ऑफिसातले लोक काचेपाशी आले. तीन कमानींच्या खिडक्यांत माणसं उभी राहिली. एका चौकात पांढऱ्या झग्यातली नवरी लग्नाच्या व्हिडिओसाठी उभी होती. अशरफियेच्या सेंट जॉर्ज हॉस्पिटलमध्ये एक बाई प्रसूत होत होती आणि तिचा नवरा तो क्षण टिपत होता.

म्हणूनच जगात एवढे व्हिडिओ उरले. त्यांतल्या बहुतेकांत कॅमेरा एकाच जागी स्थिर आहे, आणि ज्याच्या हातात तो आहे तो काचेसमोर उभा आहे.

६:०८

गोदाम क्रमांक १२ मधलं अमोनियम नायट्रेट फुटलं.

आधी उजेड. मग दमट हवेत एक पांढरा घुमट क्षणात फुगला आणि विरला. धक्क्याच्या लाटेमागे हवेचा दाब एकदम उतरतो आणि हवेतली वाफ थेंबांत बदलून तसं ढगाचं कवच दिसतं. त्याच्यामागून तांबूस-विटकरी लोट, नायट्रोजन डायऑक्साइड वायूचा, नायट्रेटची ओळख पटवणारा. अमेरिकेच्या भूकंपमापकांवर ३.३ रिश्टर. जमिनीत सुमारे १२० मीटर रुंद खड्डा पडला आणि समुद्र आत शिरला. २४० किलोमीटरवरच्या सायप्रसमध्ये लोकांना आवाज ऐकू आला.

लाट करांतिना, मार मिखाएल, जमैझेपर्यंत पोचायला दोन-तीन सेकंद लागले. काच आधी आत येते, मग दाराची चौकट, मग भिंत. किलोमीटर दोन किलोमीटरवरचे लोक सांगतात की आवाज त्यांना आठवतच नाही, फक्त हवा आठवते. विमानतळ आठ-नऊ किलोमीटर लांब; तिथलीही छतं कोसळली.

धान्याच्या कोठ्यांनी आपली पूर्वेची बाजू गमावली, पण त्या पडल्या नाहीत. त्यांच्या मागे पश्चिमेला असलेल्या शहराचा बराच भाग त्या काँक्रीटच्या सावलीत वाचला. गहू मात्र बंदरभर सांडला.

धक्क्याला लागलेली 'ओरिएंट क्वीन' ही प्रवासी बोट आडवी होऊन बुडाली. संयुक्त राष्ट्रांच्या सागरी पथकासाठी आलेली बांगलादेश नौदलाची 'बिजॉय' बंदरातच होती. तिच्यावरचे २१ जण जखमी झाले.

बंबाबरोबर आलेले दहाही जण गेले. त्यांचे अवशेष सापडत राहायला पुढचे कित्येक दिवस लागले.

भारतात तेव्हा रात्रीचे ८:३८ झाले होते. मुंबईत पाऊस कोसळत होता.

६:०९ पासून पहाटेपर्यंत

सेंट जॉर्ज हॉस्पिटल १८७८ सालचं, सगळ्या युद्धांत उघडं राहिलेलं. त्या संध्याकाळी त्याला आपलेच रोगी बाहेर काढावे लागले. चार परिचारिका जागीच गेल्या. वीज गेली, लिफ्ट गेली, छताचे पत्रे खाली लोंबत होते, आणि शहरभरचे जखमी वर चढून येत होते, कारण हॉस्पिटल तिथे आहे एवढंच त्यांना माहीत होतं. डॉक्टर गाड्यांच्या पार्किंगमध्ये मोबाईलच्या उजेडात टाके घालत होते. त्याच उजेडात ती बाई बाळंत झाली. बाळ सुखरूप. त्याच हॉस्पिटलमध्ये एक परिचारिका तीन नवजात बाळांना एका हाताने छातीशी धरून दुसऱ्या हाताने फोन लावत होती. छायाचित्रकार बिलाल जाविश यांनी तो क्षण टिपला. तिच्या चेहऱ्यावर रडू नाही, आरडाओरडा नाही, ती फक्त नंबर लावतेय.

अशरफियेच्या राजवाड्यात यव्होन सुर्सोक कॉक्रन जखमी झाल्या. त्याच महिन्याच्या ३१ तारखेला त्या गेल्या. त्यांच्या भिंतीवर आर्तेमिझिया जेंतिलेस्की हिचं सतराव्या शतकातलं एक चित्र होतं, हर्क्युलिस आणि ओम्फाले. कॅनव्हास जागोजागी फाटला.

आणि युनिव्हर्सिटीच्या संग्रहालयातलं काचेचं कपाट आडवं झालं. ७४ भांड्यांपैकी ७२ फुटली. खिडक्यांच्या काचा, कपाटाची काच आणि दोन हजार वर्षांपूर्वीची काच एकाच ढिगात पडली. ते ढीग उपसायला बसलेल्यांना आधी हेच ठरवावं लागलं की कुठली काच कुठली. तुकडा उजेडात धरायचा. कडेवर हिरवट छटा असेल, मोरपिशी पापुद्रा असेल तर जुना, नितळ असेल तर काल-परवाचा. मग जुने तुकडे एकेका ताटलीत वेगळे. असे हजारो. पुढे आठ भांडी ब्रिटिश म्युझियममध्ये जोडून परत आली. सांधे मुद्दाम दिसतील असे ठेवले आहेत.

५ ऑगस्ट, सकाळ

त्या सकाळी बैरूतमध्ये सगळीकडे एकच आवाज होता, काच झाडण्याचा. शहराच्या पश्चिम भागातून, डोंगरातल्या गावांतून, त्रिपोलीहून तरुण पोरं-पोरी खराटे आणि फावडी घेऊन आली. सरकारचं कोणी आलं नाही. म्हातारीच्या घरातली काच झाडायची, दाराला प्लास्टिक ठोकायचं, पुढच्या घरात जायचं. मुस्लिम, ख्रिस्ती, द्रुज हे पंधरा वर्षं ज्या गल्ल्यांत एकमेकांवर बंदुका रोखून होते त्याच गल्ल्यांत एका रांगेत झाडत होते. मी व्हिडिओत तो आवाज ऐकला आहे. ओल्या वाळूवरून लोखंड ओढावं तसा, न थांबणारा.

मरण पावलेल्यांची संख्या २०० च्या पुढे गेली. कुटुंबं आज २२० हून अधिक म्हणतात. जखमी सुमारे ७,०००. घर गेलेले ३ लाख. मृतांत गोदीतले हमाल होते, सिरियाहून आलेले निर्वासित होते, बांगलादेशी मजूर होते. जे परदेशी होते त्यांची नावं यादीत यायला सगळ्यात उशीर झाला.

त्यानंतर

१० ऑगस्टला दियाब सरकारने राजीनामा दिला. पहिल्या तपासी न्यायाधीशाला फेब्रुवारी २०२१ मध्ये दूर केलं गेलं, त्याने ज्यांच्यावर आरोप ठेवले होते त्या माजी मंत्र्यांच्याच अर्जावरून. दुसरे न्यायाधीश तारेक बितार यांनी ज्यांना-ज्यांना बोलावलं, त्यांतल्या बड्या लोकांनी त्यांच्याविरुद्धच अर्ज केले. तपास महिनोन् महिने, पुढे वर्षं थांबून राहिला. अमेरिकेच्या एफबीआयने हिशेब केला तेव्हा असं दिसलं की त्या संध्याकाळी फुटलेलं नायट्रेट सुमारे ५५२ टनच असावं. उतरवलेल्या मालाच्या पाचव्या हिश्शाएवढं. बाकीचं कुठे गेलं हा प्रश्नही त्याच फाईलमध्ये आहे.

मृतांची कुटुंबं दर महिन्याच्या ४ तारखेला बंदराशी जमू लागली. फोटो घेऊन. दहा जवानांचे फोटो गणवेशातले, बहुतेक ओळखपत्रासाठी काढलेले, सरळ समोर बघणारे.

जुलै २०२२ मध्ये कोठ्यांत अडकून राहिलेला गहू उन्हाने आंबून, तापून पेटला. कित्येक दिवस तो आतल्या आत धुमसत होता आणि आसपास राहणाऱ्यांना खिडकीतून पुन्हा बंदरातला धूर दिसत होता. ३१ जुलैला उत्तरेकडच्या दोन कोठ्या कोसळल्या.

चार दिवसांनी, ४ ऑगस्ट २०२२ ला, दुसऱ्या वर्षश्राद्धाचा मोर्चा बंदराकडे निघाला. फोटो घेतलेल्या बायका पुढे होत्या. मोर्चा त्या भागात असतानाच उत्तरेकडच्या आणखी काही कोठ्या खचून खाली आल्या आणि करड्या धुळीचा लोट वर चढला. लोक क्षणभर थांबले, त्या लोटाकडे पाहिलं. मग पुढे चालू लागले.